अंगाचं ऑपरेशन झालं, पुढे काय झालं याची नोंद कुणाकडे असते?

कोरांटी | रविवार, रात्री १०:४२

आरोग्य विभागात गुडघे, शुगर, थायरॉईड यांवर धाग्यांची रीघ आहे. 'अंग बाहेर येणं', म्हणजे गर्भाशय किंवा योनीमार्ग खाली उतरणं, हा विषय शोधला तर एकच धागा सापडला, सात वर्षांपूर्वीचा. त्यावर चार प्रतिसाद, त्यातला एक "डॉक्टरांना दाखवा". म्हणून नवा काढतेय. कुणाला अवघडल्यासारखं होत असेल तर इथूनच मागे फिरा.

आई ७१ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावी राहते. तिची गर्भपिशवी चाळिशीतच काढली होती. का काढली, हे तिला आजही सांगता येत नाही. "खराब झालीय म्हणाले." त्यानंतर वीसेक वर्षांनी अंग बाहेर यायला लागलं. पिशवीच नाही तर आता बाहेर काय येतंय, हा माझा तेव्हाचा बावळट प्रश्न. नंतर कळलं की पिशवी काढली तरी योनीमार्गाचा वरचा घुमट खाली घसरू शकतो, आणि सोबत मूत्राशय किंवा आतडंही उतरतं. २०१५ च्या दिवाळीनंतर शहरातल्या एका हॉस्पिटलात खालून ऑपरेशन झालं. "जाळी टाकलीय, हर्नियाला टाकतात तशी," असं एका शिकाऊ डॉक्टरने जिन्यात सांगितलं. जाळी हा शब्द आम्ही तेवढाच ऐकला. चौथ्या दिवशी घरी सोडलं. आईने डॉक्टरांना पेढे दिले.

गेल्या वर्षापासून तिच्या अंगावरून थेंब थेंब लाल जातंय. आम्हाला पत्ताच नव्हता. पहाटे उठून स्वतःचे परकर स्वतः धुवायची. पाटावर बसताना कळ मारते हे बोलून दाखवलं नाही, फक्त पाटाऐवजी पलंगाच्या कडेवर बसायला लागली. बहिणीच्या लक्षात आलं म्हणून दाखवायला नेलं.

नव्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, कोणती जाळी घातली होती? कंपनी कोणती? तिला ओवायचे हात, म्हणजे कडेच्या लांब पट्ट्या, होते का, किती, कुठून ओवले? आम्ही दोघी बहिणी भिंतीकडे बघत बसलो. जुन्या डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनबद्दल एकच ओळ आहे. 'रिपेअर विथ मेश डन. अनइव्हेंटफुल.' म्हणजे काही विशेष घडलं नाही.

मी त्या जुन्या हॉस्पिटलात जाऊन आले. रेकॉर्डवाल्या माणसाने चहा दिला, चांगला बोलला. "ताई, तीन वर्षांपुढचे कागद आम्ही ठेवत नाही." ऑपरेशन करणारे डॉक्टर तिथून गेलेत.

मला कुणावर केस करायची नाही. प्रश्न एवढाच आहे की आईसारख्या बायका किती, हे कुणाला माहीत असतं का? ऑपरेशननंतर दहा वर्षांनी काही बिघडलं तर ते कुठे लिहिलं जातं?

---

तिरफळ | रविवार, रात्री ११:१५

पहाटेचे परकर वाचून गलबललं. माझ्या सासूबाईंनी ऑपरेशन नको म्हटलं, सहा वर्षं अंग आत धरून ठेवणारी रिंग वापरतायत. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, डॉक्टर काढून धुऊन परत बसवतात. आमच्याकडे तिला 'चाकाची सर्व्हिसिंग' म्हणतात. म्हणतात म्हणजे सासूबाईच म्हणतात.

---

खटपट्या | सोमवार, सकाळी ७:५०

माझा पेशा यंत्रांचा, शरीराचा नाही. पण विदा कुठे आहे म्हणून रात्री शोधत बसलो.

अमेरिकेत एफडीएची, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, 'मॉड' नावाची जाहीर यादी आहे. एखाद्या वैद्यकीय उपकरणाने त्रास झाला की कंपनीने कळवणं बंधनकारक. डॉक्टर आणि पेशंटही कळवू शकतात, पण ऐच्छिक. खालून घालायच्या जाळ्यांबद्दल एफडीएने ऑक्टोबर २००८ मध्ये पहिली सूचना काढली. तीन वर्षांत नऊ कंपन्यांकडून हजाराच्या वर तक्रारी आल्या होत्या, तरी सूचनेत शब्द होता 'दुर्मीळ'. मग जानेवारी २००८ ते डिसेंबर २०१० या तीन वर्षांत २,८७४ तक्रारी आल्या, त्यातल्या १,५०३ अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनच्या आणि बाकीच्या लघवी निसटू नये म्हणून बसवायच्या पट्टीच्या. जुलै २०११ ची सूचना म्हणते की गंभीर गुंतागुंती 'दुर्मीळ नाहीत'. जाळीचं प्लास्टिक तेच, बायका त्याच. तीन वर्षांत एक 'नाही' वाढला.

आता माझी कुरकुर. २,८७४ हा अंश आहे. छेद कुठाय? एकूण किती जाळ्या बसवल्या, ही संख्या त्या यादीत नाहीच. छेद नसेल तर दर काढता येत नाही, आणि दर नसेल तर कुणीही काहीही म्हणू शकतं. कंपनी म्हणते दुर्मीळ, वकील म्हणतो सर्रास. कोरांटीताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं की अमेरिकेतही अर्धाच अपूर्णांक लिहिला जातो.

---

सह्यकडा | सोमवार, दुपारी ३:२०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी बावीस वर्षं. लांबलचक लिहिणार आहे, कारण हा धागा वाचून सकाळच्या ओपीडीत माझं लक्ष लागलं नाही.

कोरांटी, तुमच्या आईंच्या कार्डावरचा तो शब्द मी शेकडो वेळा लिहिलाय. आणि लिहिताना तो खरा असतो. मूत्राशयाला इजा नाही, रक्त चढवावं लागलं नाही, ताप नाही, कॅथेटर काढल्यावर लघवी झाली. आमच्या शिकण्याच्या काळात दर महिन्याला एक मीटिंग व्हायची, त्यात बिघडलेल्या केसेस मांडायच्या. प्रोफेसर सोलून काढायचे. पण मांडलं जायचं ते सगळं पेशंट वॉर्डात असतानाचं. ती गेटबाहेर पडली की आमच्या दृष्टीने गोष्ट संपली.

गुंतागुंत मोजायची एक सर्वमान्य शिडी आहे, क्लॅव्हियन-डिंडो, आजच्या रूपात २००४ ची. ती कुठल्याही ऑपरेशनला चालते. तिचं तत्त्व असं की त्रास निस्तरायला काय करावं लागलं ते बघायचं. तापाच्या गोळीवर भागलं तर पहिली पायरी, रक्त चढवलं तर दुसरी, परत टेबलावर घ्यावं लागलं तर तिसरी, आयसीयू चौथी, मृत्यू पाचवी. हुशार शिडी आहे. पण अंगाच्या ऑपरेशनला ती तोकडी पडते, कारण आमच्या बायका निस्तरायलाच येत नाहीत. बसताना कळ येते म्हणून पाट सोडला, संबंध नकोसे झाले म्हणून वेगळं झोपायला लागली, शिंकताना लघवी निसटते म्हणून लग्नाला जाणं बंद केलं. उपचार शून्य, म्हणून पायरीही शून्य.

म्हणून २०११ मध्ये या क्षेत्रातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जाळी, पट्टी अशा आत ठेवायच्या वस्तूंसाठी वेगळी पद्धत आणली. तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या: काय झालं, कधी झालं, कुठे झालं. 'काय'चे सात प्रकार आहेत. जाळी उघडी पडली नाही पण टोचते, हा पहिला. एक सेंटिमीटरपर्यंत उघडी पडली तर दुसरा, त्याहून जास्त तर तिसरा. पुढचे मूत्रमार्ग, आतडं असे. शेजारी अक्षरं, लक्षणं आहेत का, जंतुसंसर्ग आहे का. वेदनेला वेगळं अक्षर: फक्त तपासताना दुखतं, संबंधाच्या वेळी, हालचाल करताना, की बसल्या जागी. तपासणीच्या टेबलावर न कळणारं दुखणंही त्यात लिहिता येतं, म्हणून मला ही पद्धत आवडते.

आणि 'कधी'चे चार कप्पे. पहिल्या ४८ तासांतलं टी-एक, दोन महिन्यांपर्यंत टी-दोन, वर्षापर्यंत टी-तीन, वर्षानंतर टी-चार. आमची मासिक मीटिंग म्हणजे टी-एक आणि टी-दोनची सुरुवात. टी-चार म्हणजे वर्षापुढचं अख्खं आयुष्य, आणि त्या कप्प्यात आमच्याकडे काहीच नसतं.

खरं सांगते, बरीच वर्षं माझा हिशेब असा होता की जी परत आली ती बिघडली आणि जी आली नाही ती बरी. ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असेल, किंवा कुणाकडेच गेली नसेल, हे सुचलंच नाही. सुचलं नाही म्हणजे काय, सोयीचं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी शहाणपण सुचलं आणि वर्षभरापूर्वी ऑपरेशन झालेल्या बायकांना फोन करायला घेतले. बहुतेक नंबर मुलांचे, नाहीतर नवऱ्यांचे निघाले. "आईला बरं आहे ना?" "हो, एकदम ओके मॅडम." आता मुलगा आईच्या अंगाबद्दल काय सांगणार? मग आशाताईंना गाठलं. त्यांनी घरी जाऊन विचारल्यावर जे कळलं त्याने झोप उडाली. तेव्हापासून वही आहे. शाळेच्या हजेरीसारखी, उभे रकाने. सहा आठवडे, एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं. पाचाच्या रकान्यात गैरहजेरी फार आहे, पण रकाना आहे.

---

रानवाटा | सोमवार, संध्याकाळी ६:०५

डॉक्टर, आशाताईंनी नेमकं काय शब्द वापरले ते कृपया लिहा. मी आदिवासी भागात आरोग्याच्या सर्वेक्षणावर काम केलंय, आमचा अर्धा वेळ शब्द शोधण्यात जायचा. "काही त्रास आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाय". "अंगावरून जातंय का?" विचारलं की मग खाट ओढून बसतात.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. ६५० बायका तपासल्या, ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग निघालं. आणि त्याआधी कधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. दवाखान्यात बसून वाट बघितली असती तर आजार ८ टक्के बायकांपुरताच दिसला असता. ऑपरेशननंतरचंही गणित काही वेगळं नाही.

---

सह्यकडा | सोमवार, रात्री ९:३०

रानवाटा, आशाताईंचे प्रश्न जसेच्या तसे: "खाली काही हाताला लागतं का? लघवी पुरी होते का, का अंग आत ढकलून करावी लागते? खोकल्यावर लुगडं भिजतं का? मालकांना काही टोचतं का?" शेवटचा प्रश्न त्यांचा स्वतःचा. जाळीचं टोक उघडं पडलं की कधीकधी आधी नवऱ्याला टोचतं, हे पुस्तकातही आहे. फक्त इतक्या सरळ लिहिलेलं नाही.

---

टेम्सकाठी | मंगळवार, पहाटे ३:१२ (इथे अजून सोमवारच आहे)

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, पंधरा वर्षं, त्यातली बरीच गायनॅक वॉर्डात. तुम्हाला वाटत असेल इथे सगळं कॉम्प्युटरवर आहे म्हणजे सगळं मोजलेलं असेल. तसं नाही.

इथली गोष्ट बायकांनीच उकरली. स्कॉटलंडमध्ये जाळीचा त्रास झालेल्या बायकांनी तिथल्या संसदेत अर्ज दिला, आणि जून २०१४ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी ही ऑपरेशनं थांबवायला सांगितलं. इंग्लंडमध्ये कॅथ सॅन्सम या पत्रकार बाईंनी २०१५ मध्ये 'स्लिंग द मेश' ही मोहीम सुरू केली. फेसबुकवर एकेक बाई येऊन लिहायची, "मला वाटलं मी एकटीच." डॉक्टरांनी प्रत्येकीला हेच सांगितलेलं असायचं की असं फार कुणाला होत नाही. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडने विराम जाहीर केला. आणि जुलै २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल आला, त्याचं नाव 'फर्स्ट डू नो हार्म'. समिती देशभर फिरून सातशेहून जास्त लोकांना भेटली, त्यात बहुतेक बायका. आमच्या वॉर्डात तो अहवाल जेवणाच्या सुट्टीत वाचला जायचा. बायकांचं दुखणं वयावर, मनावर, पाळी जाण्यावर ढकललं गेलं, हे त्यात आहेच. पण मला हादरवलं ते दुसऱ्या गोष्टीने. किती बायकांना जाळी बसवली, हे आरोग्ययंत्रणेला धड सांगताच आलं नाही. खटपट्यादादा, तुमचा छेद एनएचएसकडेही, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडेही, नव्हता.

त्यानंतर जाळी काढण्यासाठी वेगळी केंद्रं निघाली आणि नोंदवहीचं काम सुरू झालं. ऑस्ट्रेलियाने तर जानेवारी २०१८ पासून खालून घालायच्या या जाळ्या बाजारातूनच काढल्या. पण नोंदवही आज सुरू केली तर २००९ ची बाई तिच्यात कशी येणार? ती शेवटी तुमच्या आईसारखीच, कुणाच्याच यादीत नाही.

अवांतर: कोरांटी, आईंना माझा नमस्कार सांग. आणि पाटाऐवजी बसायला मधे भोक असलेली उशी मिळते, ती आण.

---

नांगरट | मंगळवार, सकाळी ९:००

म्हणूनच ऑपरेशन करू नये. आमच्या आज्या वज्रासन करायच्या, त्यांना असलं काही व्हायचं नाही.

---

तिरफळ | मंगळवार, सकाळी ९:०४

आज्यांना व्हायचं. आज्या सांगायच्या नाहीत.

---

सह्यकडा | मंगळवार, दुपारी २:१०

तिरफळ, धन्यवाद, माझं लिहायचं वाचलं.

नांगरट, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सुरुवातीच्या टप्प्यात खरंच उपयोगी पडतात, मी स्वतः शिकवते. पण अख्खं अंग बाहेर येऊन त्याला जखमा झालेल्या बाईला वज्रासन सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालून बघ म्हणणं.

---

खटपट्या | मंगळवार, रात्री १०:२५

डॉक्टर, एक उलटतपासणी. जाळी वाईट ठरली, मग स्वतःच्याच ऊतींना टाके घालून केलेली दुरुस्ती चांगली का? 'ऑप्टिमल' नावाच्या अमेरिकी चाचणीचे पाच वर्षांचे आकडे पाहिले. बिनजाळीच्या दोन पद्धतींची तुलना होती. एका पद्धतीत ६१.५ टक्के आणि दुसरीत ७०.३ टक्के अपयश! पूल बांधून पाच वर्षांत दोन-तृतीयांश पडले तर आमच्या खात्यात चौकशी लागते.

---

सह्यकडा | बुधवार, सकाळी ६:४०

खात्याची चौकशी किती वर्षं चालते तेही लिहा. (हलकेच घ्या.)

आकडे बरोबर आहेत. पण त्या चाचणीत अपयश कशाला म्हटलं ते बघा. घुमट ठरावीक रेषेच्या खाली आला, किंवा पुढची-मागची भिंत ठरावीक जागेच्या पुढे आली, किंवा बाईला काही हाताला लागतं असं वाटलं, किंवा पुन्हा उपचार घ्यावे लागले, यातलं एक जरी झालं तरी अपयश. प्रत्यक्षात पुन्हा उपचार घेणाऱ्या दहाच्या आसपास टक्के होत्या. मोजपट्टीने पडलेले अनेक पूल बायका मजेत वापरत होत्या. आणि तुमच्या आईंची गोष्ट याच्या बरोबर उलट, कोरांटी. मोजपट्टीने पूल उभा आहे आणि ज्या बाईने त्यावरून चालायचं तिला खिळा टोचतोय. म्हणून वहीत दोन्ही रकाने लागतात. जागा कुठे आहे ते मी बघून लिहीन, वाटतंय कसं ते तिने सांगायला हवं.

जाळीने नेमकं काय होतं याला उत्तर देणारी मोठी ब्रिटिश चाचणी 'प्रॉस्पेक्ट', 'लॅन्सेट'मध्ये २०१७ ला आली. दोन वर्षांनी बघितलं तर जाळीवाल्या बायकांना जास्त बरं वाटत होतं असं काही निघालं नाही, आणि जाळीवाल्यांत दहात एकीहून जास्त जणींना जाळीचा त्रास झालेला. पोटातून जाळी लावतात तो प्रकार वेगळा, त्यात धोका कमी. तरी 'केअर' या चाचणीत सात वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावर जाळी उघडी पडण्याचं प्रमाण साडेदहा टक्के निघालं. तिथे वर्षभरात वही मिटली असती तर हा आकडा कधी दिसलाच नसता.

आणि हा फक्त परदेशी कंपन्यांचा विषय आहे असं समजू नका. बाळंतपण व्हायच्या आधीच अंग खाली आलेल्या तरुण मुलींची पिशवी वाचवण्याच्या पट्टीच्या शस्त्रक्रिया आपल्या मुंबईत घडल्या. त्या घडवणाऱ्यांपैकी डॉ. शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे. डॉ. पुरंदरे केईएमचे. जगभरच्या पुस्तकांत ही नावं आहेत आणि मी त्या पद्धती अभिमानाने शिकले. सुरुवातीला पट्टी पेशंटच्याच शरीरातली घ्यायचे, मांडीच्या नाहीतर पोटाच्या पडद्याची, पुढे कृत्रिम धाग्याची टेप आली. पुस्तकात त्यांच्या गुंतागुंतीही लिहिल्यात. शिरोडकर पद्धतीत पट्टी ओवताना मूत्रवाहिनी आणि डावीकडचं मोठं आतडं जपावं लागतं. पुरंदरे पद्धतीत गर्भाशय पुढे खेचलं जातं, म्हणून मागची पोकळी मोकळी राहते आणि तिथून आतडं उतरू शकतं. पण माझ्या हातून टेप बसवलेल्या मुली आज पन्नाशीला आल्या असतील. त्यांच्या पोटात ती टेप कशी आहे? मला माहीत नाही. त्यांची लग्नं झाली, नावं बदलली, गावं बदलली. जुन्या रजिस्टरात माहेरचं नाव आहे.

---

फडताळ | बुधवार, दुपारी ४:५५

मी निवृत्त मेडिकल रेकॉर्डवाला. वाचनमात्र होतो, पण आता माझ्या खात्याचा विषय निघाला.

तीन वर्षांची गोष्ट खरी आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितलेत, आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायला. तीन वर्षं ही किमान मुदत आहे. जास्त ठेवायला कुणी अडवलेलं नाही, पण जागा भाड्याने असते, वाळवी फुकट असते. आम्ही कागद गोणीत भरून तोलून द्यायचो. आता डॉक्टरीणबाईंचा टी-चार वाचल्यावर कळतंय, त्या गोणीत काय होतं.

बोस्टनमध्ये शंभर वर्षांपूर्वी कॉडमन नावाचे सर्जन होते. त्यांचं म्हणणं एवढंच की प्रत्येक पेशंटचं वर्षभराने काय झालं ते कार्डावर लिहा आणि चुकलं असेल तर का चुकलं तेही लिहा. मोठ्या हॉस्पिटलला ते रुचलं नाही. मग त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं, १९११ ते १९१६ मध्ये ३३७ पेशंट घरी पाठवले आणि स्वतःच्या १२३ चुका छापून टाकल्या. सहकाऱ्यांनी त्यांचं काय केलं असेल ते सांगायला नको. आमच्या खात्यातले लोक त्यांना मानतात, कारण रेकॉर्डवाल्याला देव म्हणून दुसरं कोण मिळणार? स्वीडनमध्ये आज स्त्रीरोगांच्या ऑपरेशनची राष्ट्रीय नोंदवही आहे, 'जिनॉप'. ऑपरेशनआधी, आठ आठवड्यांनी आणि वर्षाने ती थेट बाईला प्रश्नावली पाठवते. प्रश्न डॉक्टरला न विचारता बाईला विचारायचे, हे कॉडमनच्या पुढचं पाऊल.

आता कामाचं. कोरांटीताई, ऑपरेशनचे पैसे कुणी भरले? मेडिक्लेम होता का? असेल तर क्लेमची फाइल शोधा. शरीरात ठेवायची वस्तू असली की विमावाले बिलासोबत तिचं स्टिकर मागतात, खोक्यावरचं. त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर, सगळं. हॉस्पिटलने कागद रद्दीत घातले तरी क्लेमची झेरॉक्स घरात कुणीतरी जपून ठेवलेली असते. माणूस तब्येतीचे कागद टाकतो, पैशाचे टाकत नाही.

---

कोरांटी | बुधवार, संध्याकाळी ५:१०

भावाच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता!! थांबा.

---

खटपट्या | बुधवार, रात्री ८:००

थांबलोय. तोवर भर घालतो. अमेरिकेत या जाळ्या आल्या कशा, ते वाचलं. तिथे उपकरण 'आधीच्या मान्य उपकरणासारखंच आहे' असं दाखवलं की स्त्रियांवर नव्याने चाचणी न करताही विकता यायचं. हर्नियाची जाळी मान्य होती, तिच्यासारखी पट्टी, पट्टीसारखी दुसरी. 'प्रोटेजेन' नावाच्या लघवीच्या पट्टीला १९९६ मध्ये मान्यता मिळाली, त्रास निघाले म्हणून कंपनीने १९९९ मध्ये ती मागे घेतली. पण तिच्याकडे बोट दाखवून मान्य झालेल्या वस्तू बाजारातच राहिल्या. आजोबांची जात पडताळणी रद्द, नातवंडांचे दाखले चालू.

२०१२ मध्ये एफडीएने कंपन्यांना विक्रीनंतरचा पाठपुरावा करा असा हुकूम दिला, तेव्हा बऱ्याच जणांनी अभ्यास करण्यापेक्षा माल बंद करणं पसंत केलं. २०१६ मध्ये या जाळ्या सर्वांत धोक्याच्या वर्गात टाकल्या, आणि १६ एप्रिल २०१९ ला उरलेल्यांनाही विक्री थांबवायला सांगितलं. मोजायला लावलं, तर दुकानच बंद झालं.

---

रानवाटा | गुरुवार, सकाळी ११:३०

भारतातही कळवायची जागा आहे, हे नोंदवून ठेवते. मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम, जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. उपकरणाने त्रास झाल्याचा अर्ज डॉक्टर, नर्स किंवा स्वतः पेशंटही भरू शकते. त्यात उपकरणाचं नाव आणि लॉट नंबर विचारतात, म्हणजे पुन्हा गाडी त्या स्टिकरवर येते.

---

कोरांटी | शनिवार, रात्री ९:५०

सापडलं.

भावाच्या माळ्यावर, गाडीच्या जुन्या आरसी आणि घराच्या भाडेकरारासोबत. क्लेमची झेरॉक्स, आणि औषधदुकानाच्या बिलाच्या पाठीमागे चिकटवलेलं स्टिकर. स्टिकरची झेरॉक्स नाही, चक्क खरं, एक जादाचं. कडा पिवळी पडलीय, पण नंबर वाचता येतो. फडताळकाका, तुम्हाला पेढे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, संपादक मंडळाला ताप नको.

काल नव्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खोक्यावरच्या मॉडेलवरून लगेच सांगितलं की याला चार हात असतात आणि ते कुठून ओवतात. म्हणजे कळ कुठून येतेय त्याचा अंदाज आला. जाळी टाक्यांच्या रेषेवर उघडी पडलीय, सेंटिमीटरच्या आत. सह्यकडा, मी त्यांना तुमच्या त्या कोडबद्दल विचारलं. आधी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग मोबाइल काढून शोधलं आणि केसपेपरवर लिहिलं: दोन-बी-डी, टी-चार, एस-एक. म्हणाले, "हे मी पहिल्यांदाच लिहितोय." मला तो माणूस एकदम आवडला.

आईने विचारलं, हे काय लिहिलं? बहिणीने सांगितलं, तुझ्या दुखण्याचं नाव. आई म्हणाली, "इतकी वर्षं बिनानावाचंच होतं व्हय." आणि मग, कुणी विचारलं नसताना, तिने डॉक्टरांना पाटाचं सांगितलं. परकराचंही. पुरुष डॉक्टर. आम्ही दोघी खाली मान घालून बसलो होतो.

सध्या हार्मोनचं मलम सहा आठवडे, रात्री लावायचं. तेवढ्याने कातडी जुळली तर ठीक, नाहीतर उघडा भाग कापून काढायचा. सगळी जाळी काढणं हे वेगळंच मोठं काम आहे, त्यात नव्या इजा होऊ शकतात, त्यामुळे एवढ्यात नको म्हणाले. गाझियाबादचा अर्ज डॉक्टरांनी आणि मी मिळून भरला. अर्ध्या तासाचं काम. 'त्रास कधी सुरू झाला' या रकान्यात आईने सांगितलेली तारीख घातली. ती आमच्या अंदाजापेक्षा तीन वर्षं आधीची निघाली.

जुन्या हॉस्पिटललाही एक पत्र टाकलं. राग नाही, नुसती माहिती. तुमच्याकडे २०१५ साली झालेल्या अमुक ऑपरेशनचं पुढे असं असं झालं. त्यांच्याकडे ते कुठे फाइल करतील माहीत नाही. मूळ फाइलच नाही.

---

सह्यकडा | शनिवार, रात्री १०:३०

त्या पत्रासारखं पत्र मला बावीस वर्षांत एकदाही आलेलं नाही. आलं असतं तर पहिले दोन दिवस चिडले असते.

सोमवारी माझ्या वहीत एक रकाना वाढवतेय, स्टिकर चिकटवायचा. आणि दुसरं स्टिकर पेशंटच्या कार्डावर, तिसरं तिच्या लेकीच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये फोटो काढून.

---

फडताळ | रविवार, सकाळी ८:१५

पेढे पोचले असं समजतो. साखर आहे.

---

टेम्सकाठी | रविवार, दुपारी १:००

कोरांटी, सहा आठवड्यांनी काय झालं ते इथे नक्की लिही. चांगलं झालं तरी लिही. चांगलं झालं की लोक धाग्यावर परत येत नाहीत.

---

कोरांटी | रविवार, दुपारी १:२०

पुढच्या महिन्याच्या २१ तारखेला बोलावलंय. लिहिते.

---

तिरफळ | रविवार, दुपारी १:३१

मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर २१ ला गोल केलाय. सासूबाईंनी विचारलं कसला, तर त्यांना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांची रिंग बदलायची तारीख गेल्या आठवड्यातच होऊन गेलीय, हे आत्ता कळलं.